रूपरावकाकांची प्रोसेसरची जोडी

एक आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. आर्वीत ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून लग्नपत्रिका करून घेतल्या, त्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. नवरदेवाच्या मामाचं नाव पुन्हा पुन्हा बदलायला आलेल्या एका माणसाला मी खुर्चीवरून उठवून लावलेलं आहे. तेव्हा या हकिगतीत मी कुठं ओरडले तर नवल मानू नका. रूपरावकाकांसारखा माणूस घरात असला म्हणजे गरीब गायसुद्धा शिंगं उगारेल.

रूपरावकाका माझे सख्खे काका. बाजाराच्या रस्त्याला त्यांचं ढेपेचं दुकान. सरकीची ढेप, म्हणजे बैलांचा खुराक. माणूस अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा, की दुकानातून हाक मारली तर एसटी डेपोतला ड्रायव्हर मागं वळून पाहायचा. दुकान पोटासाठी होतं, जीव शंकरपटात होता. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोडीची शर्यत. हलकी छकडी, दोन बैल, वर एक माणूस, आणि दोन्ही अंगांना उभं राहून बोंबलणारा सगळा गाव. संक्रांत झाली की काका दुकान आनंदाकाकूच्या हवाली करायचे आणि या पटावरून त्या पटावर फिरायचे. जोडी निवडण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. एकटा बैल कितीही देखणा असो, ते त्याच्याकडे ढुंकून पाहायचे नाहीत. "याच्या जोडीचा आन," म्हणायचे, "मंग बोलू."

आणि पट म्हटला की हेमराज आलाच. हेमराज जवळच्या खेड्यातला शेतकरी, काकांचा लंगोटीयार आणि पटातला पक्का वैरी. दोघं एका ताटात जेवायचे, आणि हात धुतले की एकमेकांच्या बैलांची उणीदुणी काढायला मोकळे.

दोन हजार सालच्या पटात दोघांच्या जोड्या शेजारी शेजारी सुटल्या. अर्ध्या वाटेत हेमराजचा एक बैल बुजला, आडवा घुसला, काकांचं चाक निखळलं आणि काका छकडीखाली गेले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काका काठी घेऊन का होईना चालायला लागले, पण डॉक्टरांनी बजावलं, छकडीवर आता या जन्मात बसायचं नाही. हेमराज दवाखान्यात एकदा आला, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि काही न बोलता निघून गेला. त्यानंतर तीन वर्षं त्यानं आमचा उंबरा शिवला नाही. काका समोरून येताना दिसले तर गडी गल्ली बदलायचा.

काकांना पायाचं एवढं नव्हतं, याचं होतं. दोष कोणाला द्यायचे नाहीत. पण ढेप तोलता तोलता मध्येच म्हणायचे, "आमचा पट अर्धाच राह्यला ना व, ज्योत्स्ने. हेमराज्यासंगं तो पुरा करा लागते एक डाव." आणि मग दुपारभर तोंडातून शब्द नाही. त्या आवाजाचा माणूस गप्प बसला की घर खायला उठतं, हे मी अनुभवानं सांगते.

माझं टेबल दुकानाच्याच दर्शनी खोलीत होतं. काकांचा मुलगा पियुष पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा त्याचा कॉम्प्युटर माझ्या कॉम्प्युटरशेजारी सोडून गेला. दोन्ही आम्ही एकदमच घेतलेले, आतून बाहेरून सारखे. जाण्याआधी पठ्ठ्यानं दोन्हींत चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकलं होतं. मला म्हणे, "ताई, पत्रिका झकास दिसतील." खोटारडा! रविवारी दोन्ही मशीनना वायर जोडून मित्रासोबत गाड्यांच्या शर्यती खेळायच्या होत्या त्याला.

तर दोन हजार तीनचा उन्हाळा. दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही, दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि काका माझ्या मागं उभे राहून पत्रिकेतल्या गणपतीची सोंड कुठल्या बाजूला हवी ते मला शिकवतायत. मी वैतागले. त्यांना पियुषच्या मशीनसमोर बसवलं, गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला आणि म्हटलं, "हे बटन पळाचं, हे वळाचं. आता माह्यं डोकं खाऊ नका."

झालं! आठवडाभरात आमच्या दुकानात पट भरला. काका खुर्चीत पुढं झुकायचे, मोड, म्हणजे वळण, आला की सगळं अंग तिकडं टाकायचे, "हॅऽ, चाल रे राजा, चाल!" म्हणून टेबलाच्या पायाला टाच मारायचे. ढेप घ्यायला आलेले शेतकरी पोतं खाली ठेवून बघत उभे राहायचे. आनंदाकाकू आतून चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. मला हळूच म्हणाली, "बाई व, हे हासून राह्यले ना!"

पण पियुषचं मशीन जुनं. समोर गाड्यांची गर्दी झाली की चित्र अडायचं, हिसके द्यायचं, आणि ते सुटेपर्यंत काकांची गाडी भिंतीत. काकांचा पारा चढला.

"हे मोडावरच अडते काऊन?"

मी पत्रिकेत गुंतलेली. म्हटलं, "काका, प्रोसेसर दमला त्याचा. ग्राफिक्स कार्ड बरं आहे, प्रोसेसर जुना. समजा, मशीनचा बैलच तो. नवा आना लागते."

माझे ते शब्द पुढं माझ्याच गळ्यात आले.

काकांनी त्या दिवसापासून ध्यास घेतला. बैल घेताना करायचे तशी चौकशी सुरू केली. कोणता जोराचा, कोणता काटक, कोणता खातो फार. मी समजावलं, पेंटियम फोर घ्यायचा म्हटलं तर बोर्डही बदला, मेमरीही बदला, म्हणजे बैलापायी गोठाच नवा बांधा. त्यापेक्षा आपल्या आहे त्याच बोर्डावर अथलॉन एक्सपी नावाचा प्रोसेसर बसतो, खालच्या नंबरातला घेतला तर स्वस्त आणि आपल्या गेमपुरता मस्त. खोड एकच, तापतो फार.

"आर्वीच्या उन्हात तापनारा?" काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. जरा विचार केला आणि म्हणाले, "हरकत नाई. कूलरपाशी बांधू."

लग्नसराई ऐन भरात होती, मला टेबल सोडायची सोय नव्हती. मी नागपूरला सीताबर्डीतल्या एका दुकानदाराला फोन करून माल सांगून ठेवला. काका म्हणाले, "मी आनतो." पाय मोडल्यापासून माणूस एकटा गावाबाहेर गेला नव्हता. काकूनं नको म्हटलं, मी नको म्हटलं. ते धुतलेलं धोतर नेसून, काठी टेकत, सकाळच्या एसटीनं तळेगाव-कारंजा करत गेलेसुद्धा. संध्याकाळी परत आले ते नवरदेवासारखे. टेबलावर पिशवी ठेवली आणि आतून डबे काढले. एक. आणि दुसरा.

"हे काय?"

"जोडी."

"काका, एक सांगितलता!"

"एक बैल कोन घेते व?" काका माझ्याकडंच असे पाहायला लागले जशी मीच वेडी. "दुकानवालाही म्हने, दो क्यों? म्या म्हटलं, अकेले बैल को क्या चाटना है? त्याले साऱ्या पेट्या काढायले लावल्या. हे पाय, दोघायवरचे बारीक अक्षरं सारखे. एकाच कळपातले आहेत, भाऊ-भाऊ."

मी ओरडले. असं ओरडले, की समोरचा पानठेलेवाला उठून आला. मशीन उघडून दाखवलं, बघा, इथं जागा किती? एक! दुसरा काय डोक्यावर बसवू? नागपूरला फोन केला तर दुकानदार हसतच सुटला, आणि डबा उघडलेला म्हणून परत घेणार नाही म्हणाला. काका मशीनच्या आत वाकून बराच वेळ बघत राहिले.

"एकट्यानंच वढते हे सारं?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"बिचारं."

दुसऱ्या दिवशी एक बसवला. त्या प्रोसेसरवर पंखा दाबून बसवायचा म्हणजे जीव मुठीत. जरा वाकडा जोर पडला की कोपरा उडून माल कचऱ्यात. मी श्वास रोखून दाबत होते आणि काकू हळदीकुंकवाची वाटी घेऊन शेजारी उभी, "आधी बोट तं लावू दे त्याले." प्रोसेसरवर कुंकू! मी पुन्हा ओरडले. शेवटी मशीनच्या डब्यावर, बाहेरून, दोन बोटं ओढली तेव्हा ती हलली.

मशीन असं पळायला लागलं म्हणता! अडणं नाही, हिसका नाही. काका एकामागून एक शर्यती मारत सुटले. पहिले काही दिवस दुकानात नुसता जल्लोष. मग हळूहळू तो उतरला. एका दुपारी पहिला नंबर आला, पडद्यावर फटाके फुटले, आणि काका हाताची घडी घालून तसेच बसून राहिले.

"जिंकले ना तुमी?" मी विचारलं.

"कोनाले जिंकलो?" काका म्हणाले. "त्या गाडीत मानूसच नाई. हारल्यावर तोंड वाकडं करनारं कोनी पाह्यजे ना व." आणि मग हळूच, "तो दुसरा तुह्या मशीनमंदी बसते का? मंग दोघायचा पट होईन. सारखी जोडी, सारखी गाडी. कोनी म्हनू नाई शकनार का तुहा बैल चांगला होता."

कोणासाठी ते मला विचारायची गरज नव्हती. पण मी साफ नाही म्हटलं. माझ्या मशीनवर माझं पोट, लग्नसराईत त्याच्या आत मी स्क्रू-ड्रायव्हर घालणार नाही, विषय बंद! काका रोज दुसरा डबा काढायचे, फडक्यानं पुसायचे, माझ्याकडं बघायचे आणि ठेवून द्यायचे. मी रोज दात-ओठ खायचे.

एका बाजाराच्या दिवशी मात्र घडलं असं. मी पत्रिका लावत होते, काका दुकानाच्या पायरीवर बसलेले. समोरून हेमराज येत होता, खांद्यावर पिशवी. आमचं दुकान दिसताच त्यानं मान खाली घातली आणि रस्ता ओलांडला. काकांनी हाक मारली. "हेमराज्याऽऽ!" सगळा बाजार वळला. भाजीवाल्या वळल्या, सायकलवाले वळले, एक हेमराज तेवढा वळला नाही. काका हात वर केलेला तसाच ठेवून बसले होते. मला ते बघवेना. मी उठले, चालू पत्रिका तशीच ठेवून माझं मशीन बंद केलं आणि झाकण उघडलं.

"तुह्यं काम?" काका म्हणाले.

"काम गेलं चुलीत. डबा द्या इकडं."

दुसराही नीट बसला. पियुषची वायर माळ्यावरून काढली, दोन्ही मशीन जोडली, दोघांच्या पडद्यावर दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या. आता हेमराजला आणायचा कसा? काका म्हणाले, पट आहे तर पटाचं पत्रक निघालं पाहिजे. आमच्याकडं पटाआधी गावोगावी पत्रकं लागतात. काकांनी मजकूर सांगितला, मी केलं. वर दोन बैल, खाली मोठ्या अक्षरांत: "भव्य पट! सन दोन हजारचा अर्धा राहिलेला सामना पुरा होणार. रूपराव, आर्वी, विरुद्ध हेमराज. स्थळ: रूपरावचं दुकान. न येणाऱ्यास हारला समजण्यात येईल." ढेप न्यायला आलेल्या त्याच्या गावच्या माणसाकडं दिलं आणि पारावर लावायला सांगितलं.

दुसऱ्याच सकाळी हेमराज दारात. घामाघूम, हातात चुरगळलेलं पत्रक, आणि डोळ्यांत राग.

"येड लागलं का बे तुले?" तो उंबऱ्याबाहेरूनच गरजला. "कंबर मोडली तरी हौस नाई फिटली? कोठी आहे जोडी? कोनी देली तुले जोडी? आनंदावयनी, तुमी काऊन नाई आवरत याले?"

तीन वर्षांत पहिल्यांदा तो काकांशी बोलत होता. काकांनी गंभीर तोंड करून आत बोट दाखवलं. हेमराज आत आला. बैल शोधत त्यानं परसदारापर्यंत नजर टाकली, मग ते दोन पडदे बघितले, त्यावरच्या लाल-निळ्या गाड्या बघितल्या. मी म्हटलं, "हेमराजकाका, हीच जोडी. बसा." तो मटकन स्टुलावर बसला आणि पोट धरून हसायला लागला.

पण काका न्यायाचे पक्के. हेमराजनं आयुष्यात कीबोर्डला हात लावला नव्हता, त्याला लगेच हरवण्यात काय मजा? "आधी शीक," म्हणाले. मग काय, हेमराज रोज एसटीनं यायला लागला. काका शिकवायचे, तो चुकायचा, काका शिव्या घालायचे, तो परत द्यायचा. माझं काम लटकलं, मी दोघांवर ओरडायचे, ते दोघं मिळून मला चहा पाजायचे. काकू तर रोज भाकरी जास्तीच्या टाकायची, विचारायचंच नाही.

शेवटी आषाढ लागला, लग्नं थांबली, आणि पटाचा दिवस ठरला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ढेपेच्या पोत्यांवर माणसं चढून बसलेली. दोघं शेजारी शेजारी, मी मागं उभी. गाड्या सुटल्या. काय पळवल्या म्हणता! कधी हा पुढं, कधी तो. पोत्यांवरून आरोळ्या, काकांची टाच टेबलाच्या पायावर, हेमराजची जीभ दातांत. शेवटच्या मोडावर हेमराज स्पष्ट पुढं होता. आणि मी बघितलं, त्याचं बोट बटणावरून उठलं. नुसतं अलगद उठलं. काकांची गाडी सर्रकन पुढं गेली, रेघ ओलांडली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

काकांनी काठी जमिनीवर आपटली. टाळ्या बंद.

"बोट काऊन उचललं बे?"

"नाई उचललं."

"ज्योत्स्ने, उचललं का नाई?"

मी तापट आहे, खोटारडी नाही. "उचललं," म्हटलं.

हेमराज खाली बघत होता. "म्या तुले एकदा पाडलं, रूपराव," तो म्हणाला. "आता पुन्हा माह्यानं नाई होत."

"मले बैलानं पाडलं," काका म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता, पोत्यांवरची माणसं पुढं वाकली. "जनावर ते, बुजलं. पन तीन साल माह्या दारावरून तोंड लपवून गेला, तो बैल होता का तू होता? हाड तं जुळलं माह्यं, हेमराज्या. ते नाई जुळलं."

हेमराजनं बाहीनं डोळे पुसले. मी रडत होते, सांगायला लाज कसली? काकांनी खुर्ची पुढं ओढली. "लाव व पोरी, पुन्हा. अन् या टायमाले बोट उचललं तं हेच काठी घालीन टकुऱ्यात."

पुन्हा सुटल्या गाड्या. या वेळी हेमराजनं दया-माया काही ठेवली नाही. मोडावर काकांना भिंतीकडं दाबलं, काकांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या, सगळं दुकान उभं राहिलं, आणि हेमराजची निळी गाडी बोटभर आधी रेघेपार झाली. काकांनी पडद्याकडं बघितलं. मग दोन्ही हात वर केले.

"हारलोऽऽ! अवं हारलोऽऽ! हेमराज्यानं हारवलं मले!"

तो आवाज खरंच डेपोपर्यंत गेला असणार. काका काठी विसरून उभे राहिले होते, हेमराजनं त्यांना धरलं, आणि दोघं म्हातारे एकमेकांना धरून हलत राहिले. मला तर कोण कोणाला सावरतंय तेच कळेना. काकूनं साखरेचा अख्खा डबा वाटून टाकला.

"बक्षीस!" काकांनी फर्मावलं. "एक पोतं ढेप टाका रे हेमराज्यासाठी बाहेर. निवडून टाका, चांगली."

हेमराज हसता हसता थांबला. "ढेप काय करू बाप्पा मी?"

"बैलायले चार ना."

"बैल कोठी आहेत? तू पडला त्याच आठवड्यात इकली म्या जोडी. तवापासून गोठा रिकामाच आहे. वावरही भाड्याच्या बैलांनी करतो."

आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. पटात ज्या बैलांसाठी हा माणूस उपाशी राहायचा, ते त्यानं विकले होते, आणि तीन वर्षं कोणाला बोललाही नव्हता.

काका हळूहळू खाली बसले, काठी शोधली आणि हातात घेतली. "पुढच्या बैलबाजाराले सकाऊन मले घ्यायले येजो," ते म्हणाले. "जोडी मी निवडीन. दात मी पाहीन, चाल मी पाहीन. पट तू हाकजो."

"अन् तू काय करशीन?"

"मी?" काकांनी छाती भरून श्वास घेतला. "मी काठावरून बोंबलीन ना बे! तेवढं तं डॉक्टरनं बंद नाई केलं."